टाचेच्या मशीनवरचा टी-स्कोअर: एकाच बाईंचे दोन आकडे आणि शिबिराची तयारी

वाशिष्ठीकाठ · रविवार, रात्री ९:१२

शिमग्यानंतर आमच्या महिला मंडळाचं हाडांच्या तपासणीचं शिबिर आहे, चिपळूण-गुहागर रस्त्यावरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. टाचेवर लावायचं अल्ट्रासाऊंड मशीन एका दिवसासाठी भाड्याने मिळतंय. नावं १२० आली आहेत, सगळ्या पंचावन्नच्या पुढच्या.

नोंदणी करताना एका बाईंनी दोन शिबिरांतली दोन पत्रकं आणून दिली. दोन्ही टाचेचीच, तीन महिन्यांच्या अंतराने, वेगळ्या मशीनवर. एकावर टी-स्कोअर (तरुण स्त्रियांच्या सरासरीपेक्षा आकडा किती वर किंवा खाली, ते) −२.७ आणि लाल पट्टा, दुसऱ्यावर −१.४ आणि पिवळा. पहिल्या ठिकाणी त्यांना "हाडं पार पोकळ झालीत" असं सांगून कॅल्शियमच्या चार बाटल्या विकल्या. दुसऱ्या ठिकाणी "काळजी नको" म्हणून घरी पाठवलं. आता त्यांनी कुणाचं खरं मानायचं?

तर प्रश्न असे: हा फरक कशामुळे? १२० जणी एका मशीनवर एका दिवसात होतील का? हॉलमध्ये एसी नाही, त्याने काही बिघडतं का? आणि निम्म्याहून जास्त जणींच्या टाचांना भेगा आहेत, त्याचं काय करायचं?

ध्वनिलहर · रविवार, रात्री १०:०५

पत्रकावर टी-स्कोअरच्या वर बारीक अक्षरात दोन आकडे असतात, ते आधी इथे लिहा. एक बीयूए, डेसिबल प्रति मेगाहर्ट्झ मध्ये. दुसरा एसओएस, म्हणजे ध्वनीचा वेग, मीटर प्रति सेकंद मध्ये. मशीन प्रत्यक्षात एवढंच मोजतं. खालचं सगळं त्यावर केलेलं गणित.

तोवर मशीन काय करतं ते सांगतो. टाचेच्या एका बाजूला ध्वनी सोडणारा ट्रान्सड्यूसर असतो, दुसऱ्या बाजूला ऐकणारा. मधून साधारण ०.२ ते ०.६ मेगाहर्ट्झचा ध्वनी जातो. पोटाच्या सोनोग्राफीपेक्षा ही वारंवारता बरीच खाली, आणि पडद्यावर चित्र दिसलं तरी ते फक्त जागा धरण्यापुरतं. टाचेचं हाड निवडलं कारण त्याच्या दोन्ही बाजू बऱ्यापैकी समांतर आहेत, वर मांस कमी, आणि आतलं नव्वद टक्क्यांहून जास्त हाड जाळीदार आहे. वय झालं की आधी झिजते ती हीच जाळी.

जांभ्याचा चिरा आठवा. घट्ट चिरा आणि भोकं पडून भुसभुशीत झालेला चिरा, बाहेरून माप तेच. जाळी दाट असेल तर ध्वनीच्या वरच्या वारंवारता जास्त अडतात आणि ध्वनी वेगाने पलीकडे पोचतो. जाळी विरळ झाली की दोन्ही आकडे उतरतात. वारंवारता वाढेल तसा ध्वनी किती जास्त अडतो, त्या चढाचं नाव बीयूए. ही कल्पना १९८४ मध्ये लँग्टन, पामर आणि पोर्टर यांनी मांडली. तिथपासून वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापली मशीनं काढली, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो: ट्रान्सड्यूसर वेगळे, टाचेचा मोजायचा भाग वेगळा, पाणी की जेल ते वेगळं, सूत्र वेगळं. एका मशीनवरचा १०० बीयूए म्हणजे दुसऱ्यावरचा १०० नव्हे.

वाशिष्ठीकाठ · रविवार, रात्री १०:४०

पहिलं पत्रक, पाण्याच्या फुग्यांचं मशीन: बीयूए ९८, एसओएस १५०६, निर्देशांक ६७, टी −२.७.
दुसरं, जेल लावायचं मशीन: बीयूए ६२, एसओएस १५२४, निर्देशांक ७९, टी −१.४.

ध्वनिलहर · रविवार, रात्री ११:१८

दोन्ही पत्रकं गणिताने बरोबर आहेत. बीयूए आणि एसओएस मिळून मशीन निर्देशांक काढतं. पडताळून बघा.

पाण्याच्या फुग्यांच्या प्रचलित मशीनचं सूत्र: ०.६७ गुणिले बीयूए, अधिक ०.२८ गुणिले एसओएस, वजा ४२०. म्हणजे ६५.६६ + ४२१.६८ − ४२० = ६७.३४. पत्रकावर ६७.

जेलच्या प्रचलित मशीनचं सूत्र: बीयूए आणि एसओएसची बेरीज गुणिले ०.४१, वजा ५७१. बेरीज १५८६, गुणाकार ६५०.२६, वजाबाकी करून ७९.२६. पत्रकावर ७९.

म्हणजे ६७ आणि ७९ ही एका पट्टीवरची दोन मापं नाहीत. एक वार आहे, दुसरा मीटर. त्यातून पुढे टी-स्कोअर काढताना प्रत्येक मशीन स्वतःच्या साठवणीतल्या तरुण स्त्रियांच्या सरासरीशी तुलना करतं. त्या स्त्रिया युरोपातल्या, अमेरिकेतल्या की चीनमधल्या, हे सेटिंगमध्ये निवडलेलं असतं. भाड्याचं मशीन आलं की आधी ते पान उघडून बघा आणि दिवसभर कुणालाही त्याला हात लावू देऊ नका. दर पत्रकावर मशीनचं मॉडेल आणि ही निवड लिहिलेली हवी, नाहीतर पुढच्या वर्षी ते पत्रक कुणाच्या उपयोगाचं नाही.

तेव्हा त्या बाईंची हाडं तीन महिन्यांत सुधारली नाहीत, आणि मशीनही कुठलं खोटं बोललं नाही. चुकलं ते रंगाचे पट्टे वाचून दाखवण्यात.

अस्थिरक्षक · सोमवार, सकाळी ७:३०

ध्वनिलहर यांनी पाया घातलाच आहे, त्यावर डॉक्टरी बाजू.

−२.५ ची जी रेघ सगळ्यांना पाठ आहे ती जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली. ती लागू होते डेक्सा यंत्रावर (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारं) मोजलेल्या कंबरेच्या मणक्याला, खुब्याला आणि मनगटाजवळच्या हाडाला. टाचेच्या अल्ट्रासाऊंडला ती रेघ लावायची नाही. याबाबत आंतरराष्ट्रीय क्लिनिकल डेन्सिटोमेट्री सोसायटीची २००७ पासूनची भूमिका स्पष्ट आहे. टाचेच्या मशीनवर "तुम्हाला ऑस्टिओपोरोसिस (हाडं विरळ, ठिसूळ होण्याचा आजार) आहे" असं निदान लिहिता येत नाही. औषधाने फरक पडला का, हे बघायलाही ते मशीन वापरायचं नाही. आणि अल्ट्रासाऊंडसाठी मान्य जागा एकच, टाच. बोटावर, मनगटावर किंवा नडगीवर लावून "हाडांची घनता" सांगणाऱ्या मशीनकडे वळूच नका.

पण म्हणून टाचेचं मशीन फेकायचंही नाही. फ्रान्समधल्या एपिडोस अभ्यासात ७५ च्या पुढच्या पाच हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. १९९६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. खुब्याचं हाड पुढे कोणाचं मोडेल याचा अंदाज टाचेच्या अल्ट्रासाऊंडने जवळजवळ डेक्साइतकाच दिला. हाडाची ताकद नुसत्या चुन्यावर नसते, जाळीच्या बांधणीवरही असते, आणि ध्वनी त्या बांधणीतून जातो. म्हणून पाळी गेलेल्या स्त्रिया आणि ६५ च्या पुढचे पुरुष यांच्यात मोडण्याचा धोका जोखायला हे मशीन चालतं, मात्र ज्या मॉडेलवर असे अभ्यास झालेत तेच. भाड्याने देणाऱ्याकडून मॉडेलचं नाव आधी मागवा.

वापरायची पद्धत अशी: एक वरचा उंबरठा, एक खालचा. वरच्याच्या वर असेल आणि दुसरा कुठला धोका नसेल तर आत्ता काही नको. खालच्याच्या खाली असेल तर थेट डॉक्टरकडे. मधल्यांना डेक्सा. हे उंबरठे मॉडेलनुसार बदलतात. पत्रकावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांशी त्यांचा संबंध असेलच असं नाही, कारण ते पट्टे बहुधा डेक्साचीच −१ आणि −२.५ उचलून रंगवलेले असतात.

वाशिष्ठीकाठ, एक विचारतो: त्या बाईंचं वय, वजन, आणि आधी कुठलं हाड मोडलंय का?

पॅडवरचं_जेल · सोमवार, दुपारी २:२०

हॉल, उकाडा, भेगा यांचं मी सांगते. शिबिरात आकडा बिघडतो तो इथे.

आधी वेळ. मशीन मोजतं एका मिनिटाच्या आत. पण टाच पुसणं, पाय बसवणं, दुसऱ्यांदा मोजणं, पॅड पुसणं, नाव-वय भरणं हे धरून माणशी पाच मिनिटं लागतातच. तासाला १२, सहा तासांत ७२. १२० घेतल्यात तर दुपारनंतर दुसरं मोजमाप गळणार, पुसणं गळणार, आणि शेवटच्या पन्नास जणींना कचरा आकडे मिळणार. ७० च्या वर जाऊ नका.

मशीन आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये आणून ठेवा. गाडीच्या डिकीत मार्चच्या उन्हात तापलेलं मशीन टेबलावर ठेवून लगेच सुरू केलं तर तासभर तरी आकडे सरकत राहतात. सोबत एक प्लास्टिकचा ठोकळा येतो, त्याला फॅन्टम म्हणतात. तो मशीनजवळच ठेवायचा. सकाळी सुरू केल्यावर, जेवणाच्या सुट्टीनंतर आणि मशीन जागचं हलवलं तर पुन्हा, फॅन्टम मोजायचा. त्याच्या चिठ्ठीवर मर्यादा छापलेल्या असतात. आकडा त्यात बसला नाही तर थांबा, अर्ध्या तासाने परत मोजा. तरीही बसला नाही तर शिबिर पुढे ढकला. फॅन्टमचा ध्वनिवेगही तापमानाने बदलतो, म्हणून तो खिडकीच्या उन्हात ठेवून मोजला तर मशीन बरं असून वाईट वाटेल.

एसी नसला तरी चालेल, पण सकाळचं आणि दुपारचं तापमान फार वेगळं नको. साडेआठला सुरू करून अडीचला आटपा. पायाचंही तापमान असतं. सड्यावरून उन्हात चालत आलेली बाई आणि थंड फरशीवर तासभर अनवाणी बसलेली बाई यांच्या टाचा सारख्या नसतात. टाचेच्या हाडातल्या पोकळीत चरबी असते, आणि चरबी तापली की तिच्यातून ध्वनी हळू जातो. पाण्याचं उलटं. एसओएस १० मीटरने चुकला तर पाण्याच्या मशीनचा निर्देशांक २.८ ने सरकतो, हे वरच्याच सूत्रावरून दिसेल. म्हणून आल्यावर पंधरा मिनिटं खुर्चीवर, पाय चटईवर. पाय धुवायला साध्या पाण्याची बादली, गरम पाणी नको.

आता भेगा. अल्ट्रासाऊंडचा वैरी म्हणजे हवा. हाडापर्यंत पोचायच्या आधी ध्वनीला हवेचा पातळ थर लागला तरी तो तिथूनच परत फिरतो. भेगेत हवा बसलेली असते. वर आपल्याकडे भेगांत कोकमाचं तेल वितळवून भरायची पद्धत. ते भेगेत थिजून मेणासारखं बसतं, त्यावर स्पिरिटही धरत नाही आणि जेलही. आशाताईंकरवी निरोप द्या: आदल्या दोन रात्री टाचेला कोकमाचं, खोबरेल, कुठलंच तेल नको, आणि सकाळी साबणाने पाय धुवन येवा. मऊ ब्रशने घासलं तर उत्तम. वजरीने खरवडून रक्त काढू नका. भेगेतून रक्त किंवा पू असेल तर त्या पायावर मोजायचंच नाही.

टेबलावर: टाचेच्या दोन्ही बाजू स्पिरिटच्या कापसाने जोरात पुसायच्या, कापूस पांढरा निघेपर्यंत. जेलच्या मशीनला दोन्ही पॅडवर सुपारीएवढं जेल, आणि टाचेच्या दोन्ही बाजूंवर बोटाने चोळून भेगेत शिरवायचं. बाटली हलवू नका, हलवली की जेलमध्ये बुडबुडे होतात. ती रात्रभर उलटी उभी ठेवा. फुग्याच्या मशीनमध्ये स्पिरिटच फवारतात. तिथे फुग्याच्या आत पाण्यात बुडबुडा आहे का ते दर दहा जणींमागे टॉर्च लावून बघा.

पाय बसवणं हे सगळ्यात अवघड, आणि शिकवायला सगळ्यात सोपं वाटणारं. खुर्चीची उंची अशी की गुडघा काटकोनात येईल. टाच मागच्या आधाराला पूर्ण टेकलेली. पायाचं दुसरं बोट आणि नडगीची मधली धार पायठ्याच्या मधल्या रेघेत. बायका सवयीने पाय बाहेर फिरवून बसतात, मग ध्वनीचा झोत तिरका जातो. टाच अर्धा सेंटीमीटर पुढे राहिली तर हाडाची वेगळीच जागा मोजली जाते. लहान पावलांसाठी मशीनबरोबर एक पातळ पट्टी येते, ती खोक्यातच राहून जाते, काढून ठेवा. पैंजण वर सरकवायचं, जोडव्यांची अडचण नाही.

दुसरं मोजमाप पाय बाहेर काढून, परत बसवून. नुसतं बटण दोनदा दाबलं तर चुकीचाच पाय दोनदा मोजला जातो. दोन निर्देशांकांत पाचापेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा, आणि जवळच्या दोहोंची सरासरी.

वाडीवरची_आशा · सोमवार, सायंकाळी ६:५०

खूप उपयोगी, छापून घेतलं. पण पायाला सूज असणाऱ्या बऱ्याच आहेत, दोघींना हत्तीपाय आहे. एकीला अर्धांगवायू होऊन गेलाय. त्यांचा कुठला पाय घ्यायचा?

पॅडवरचं_जेल · सोमवार, सायंकाळी ७:२५

ताई, अंगठ्याने घोट्याजवळ दहा सेकंद दाबा. खळगा राहिला, किंवा हत्तीपाय असेल, तर त्या पायाचा आकडा धरू नका. सुजेतलं पाणी आणि जाड झालेली कातडी ध्वनीच्या वाटेत येते. दुसरा पाय बिनसुजेचा असेल तर तो घ्या आणि पत्रकावर तसं लिहा. दोन्ही सुजलेले असतील तर मशीनवर बसवूच नका. त्यांची माहिती कागदावर घेऊन डॉक्टरकडे पाठवा, आणि दोन्ही पाय सुजण्याचं कारणही तिथेच बघू दे.

अर्धांगवायूची बाजू आणि पूर्वी बरेच महिने प्लास्टरमध्ये राहिलेला पाय खालचा आकडा दाखवतो. वजन न पडल्याने तिथलं हाड खरोखरच झिजलेलं असतं, पण अख्ख्या अंगाचा अंदाज त्यावरून घ्यायचा नाही. बरा पाय घ्या. टाचेचंच हाड पूर्वी मोडलं असेल तरीही दुसरा.

खाडीपलीकडे · सोमवार, रात्री ९:००

सगळं मान्य, पण मला वाटतं गावपातळीवर मशीनपेक्षा वजनकाटा जास्त काम करतो. आशियाई स्त्रियांसाठी ओस्टा नावाचं साधं सूत्र आहे: किलोतल्या वजनातून वय वजा करा, ०.२ ने गुणा. −१ च्या वर असेल तर धोका कमी, −१ ते −४ मध्यम, −४ च्या खाली जास्त. ६८ वर्षांची ४२ किलोची बाई: ४२ वजा ६८ म्हणजे −२६, त्याचे −५.२. तिला मशीनवर बसवून काय नवीन कळणार? तिला डेक्साच हवा. ५६ वर्षांची ६४ किलोची बाई येते +१.६ वर. तिलाही मशीन नको, जर आधी हाड मोडलं नसेल आणि स्टेरॉइड चालू नसेल तर. मशीन लावायचं ते मधल्यांना. तुमच्या १२० मधून ७० निवडायचा प्रश्नही त्यातच सुटतो.

आणि वजनाबरोबर उंची मोजा, भिंतीला टाचा लावून. तरुणपणीची उंची आठवत असेल तर विचारा. चार सेंटीमीटरपेक्षा जास्त घटली असेल तर मणका दबलेला असू शकतो. मणका मोडल्याचं बहुतेक वेळा कळतच नाही, "वयाने पाठ वाकली" म्हणून सोडून देतात.

अस्थिरक्षक · सोमवार, रात्री ९:४५

खाडीपलीकडे यांच्याशी सहमत, एक दुरुस्ती. ज्यांना थेट पाठवायचं त्यांनाही शिबिराला बोलवा, फक्त मशीनच्या रांगेत उभं करू नका. "तुमचं नाव कापलं" असं वाटून त्या घरी बसल्या तर ज्यांना सर्वांत गरज त्याच सुटतील.

थेट पाठवायचे कोण: पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून खुबा, मणका, मनगट किंवा दंडाचं वरचं टोक मोडलेले, तीन महिने किंवा जास्त रोज ५ मिलिग्रॅम वा वर प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) घेतलेले, रूमॅटॉइड संधिवाताचे, उंची चार सेंटीमीटरपेक्षा जास्त घटलेले. खुबा किंवा मणका असा मोडला असेल तर आकडा काहीही येवो, तो ऑस्टिओपोरोसिसच धरतात.

पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका काढणारं फ्रॅक्सचं गणित भारतासाठीही उपलब्ध आहे, ४० ते ९० वयापर्यंत. त्यात डेक्साचा खुब्याचा आकडा भरायची जागा आहे. टाचेचा टी-स्कोअर तिथे भरू नका. हे सर्रास होताना दिसतं आणि उत्तर साफ चुकतं. आकडा नसेल तर ती जागा रिकामी ठेवूनही फ्रॅक्स चालतं.

सड्यावरून · मंगळवार, सकाळी ८:१५

कंबर आणि खुब्यावर थेट अल्ट्रासाऊंड लावून घनता सांगणारं नवीन तंत्रही आलंय ना? शिबिरात ते आणता येईल का?

ध्वनिलहर · मंगळवार, सकाळी ९:०२

रेम्स म्हणता आहात. इटलीत विकसित झालं. ३.५ मेगाहर्ट्झच्या, पोटाच्या सोनोग्राफीसारख्याच प्रोबने मणक्यावर आणि खुब्याच्या मानेवर लावतात. परत आलेला ध्वनी कच्च्या स्वरूपातच घेऊन त्याच्या वर्णपटाची तुलना करतात, आणि आकडा डेक्साच्या भाषेत देतात. मणक्यावरचे वाढलेले काटे किंवा महाधमनीतला चुना डेक्साचा आकडा फुगवतात, तिथे याचा फायदा सांगितला जातो. अडचण आतड्यातल्या वायूची, जाड पोटाची, आणि खोली बरोबर लावण्याच्या सरावाची. टाचेच्या मशीनबद्दल वर जे लिहिलंय ते याला लागू नाही आणि याचं त्याला नाही. दोघांना "अल्ट्रासाऊंडची हाडांची तपासणी" असं एकच नाव देतात म्हणून गल्लत होते.

शिबिरात मात्र नाही. गर्भ दिसू शकेल असं कुठलंही सोनोग्राफी यंत्र १९९४ च्या प्रसवपूर्व निदान कायद्याखाली येतं. नोंदणी झालेल्या जागेवरून ते उचलून शाळेच्या हॉलमध्ये आणता येत नाही. टाचेच्या मशीनलाही नावात "अल्ट्रासाऊंड" असल्याने कुणीतरी हरकत घेतंच. आधीच मॉडेल, वारंवारता आणि उपयोग लिहून जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्यांकडे पत्र द्या आणि पोच हॉलमध्ये ठेवा.

अस्थिरक्षक · मंगळवार, दुपारी १:३०

शिबिरानंतरचं लिहायचं राहिलं होतं, तेही इथेच.

आकडा खाली आला म्हणजे हाड विरळच झालंय असं नाही, मऊही झालेलं असू शकतं. ड जीवनसत्त्व फार कमी पडून होणाऱ्या ऑस्टिओमलेशियातही टाचेचा आणि डेक्साचा, दोन्ही आकडे उतरतात. अंगभर हाडं दुखणं, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागणं, बदकासारखी चाल, ही त्याची लक्षणं. समुद्रकाठी ऊन भरपूर, पण दिवसभर माजघरात आणि पूर्ण कपड्यांत असलेल्या बाईच्या कातडीवर ते पडत नाही, आणि चार महिने पावसाचे. म्हणून औषधाआधी रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व, आणि थायरॉइडची टीएसएच. ड आणि कॅल्शियम भरून न काढता हाडांची झीज रोखणारं झोलेड्रोनिक आम्लाचं इंजेक्शन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरून हातापायांना गोळे येतात.

हाडांची झीज रोखणारी आठवड्याची ७० मिलिग्रॅमची अलेन्ड्रोनेट गोळी अनेक जणी चहाबरोबर घेतात. तशी ती शोषलीच जात नाही. उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहा, पेज, कॅल्शियमची गोळी सगळं त्यानंतर. कॅल्शियमच्या बाटल्या शिबिरात विकू देऊ नका. दिवसाला हजार, पाळी गेलेल्यांना बाराशे मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, म्हणजे दोन भाकऱ्या. काट्यासकट खाल्ले जाणारे बारीक मासे आणि ताक-दूध धरून किती होतं ते मोजा, कमी पडेल तेवढंच गोळीतून.

आणि सहा महिन्यांनी परत त्याच मशीनवर "सुधारलं का" बघायला कुणी बोलावलं तर जाऊ नका. मोजमापातली चूक २.७७ ने गुणली की खरा बदल मानायची किमान मर्यादा मिळते. निर्देशांकाची चूक दोन धरली तर ती मर्यादा साडेपाच येते. त्याच्या आतली वर-खाली ही पाय बसवण्याची वर-खाली. एसओएसच्या बाबतीत तर जाहिरातीत "चूक फक्त ०.३ टक्के" लिहितात. १५२० चे ०.३ टक्के म्हणजे साडेचार मीटर, गुणिले २.७७ म्हणजे साडेबारा. निरोगी आणि ठिसूळ यांच्यातलं सगळं अंतरच काही दशक मीटरचं.

खाडीपलीकडे · मंगळवार, दुपारी ३:१०

त्या पंधरा मिनिटांच्या थांब्यात खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला लावा, घड्याळ लावून. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. खुबा बहुतेक वेळा पडूनच मोडतो, आणि आपल्याकडे पडायच्या जागा ठरलेल्या: शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या, घराबाहेरचं न्हाणीघर, विहिरीचा काठ. मिरगाआधी पायऱ्या ब्लीचिंग पावडरने घासून घेणं, न्हाणीघराच्या वाटेला एका बाजूने पाइपचा कठडा आणि रात्रीचा दिवा, एवढं शिबिराच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला छापा. झोपेच्या गोळ्या चालू आहेत का तेही विचारा.

वाशिष्ठीकाठ · मंगळवार, रात्री १०:३०

सर्वांचे मनापासून आभार. बदल असे केले: सकाळी वजन, उंची, ओस्टा आणि वर सांगितलेले धोक्याचे प्रश्न सगळ्या १२० जणींना, मशीनवर फक्त मधल्या, ७० पर्यंत, कॅल्शियम विकणाऱ्यांना नकार कळवला, रंगीत पट्ट्याचं पत्रक न देता आमचा कागद, त्यावर बीयूए, एसओएस, निर्देशांक, मॉडेल, कुठला पाय, दोन्ही मोजमापं.

अस्थिरक्षक यांनी विचारलं होतं त्याबद्दल. त्या बाई ७१ वर्षांच्या, वजन ४१ किलो, म्हणजे ओस्टा −६. चार वर्षांपूर्वी अंगणात घसरून डावं मनगट मोडलं होतं. आज उंची मोजली, १४६ सेंटीमीटर. लग्नाच्या वेळी १५१ होती असं त्या आणि त्यांच्या बहीण दोघी म्हणतात.

अस्थिरक्षक · मंगळवार, रात्री ११:०५

मग दोन्ही पत्रकं बाजूला ठेवा. मनगट आणि पाच सेंटीमीटर उंची, एवढ्यावर त्यांना या आठवड्यातच पाठवा. आधी पाठीचा आणि कंबरेचा बाजूने काढलेला एक्स-रे, तो तालुक्याला होतो. चिठ्ठीवर नुसतं "स्पाइन एक्स-रे" लिहिलं तर फक्त कंबरेचा समोरून काढून देतात आणि दबलेला मणका दिसत नाही. "डॉर्सल आणि लंबर, लॅटरल, मणका दबला आहे का" असं स्पष्ट लिहा. डेक्साला जाताना कोल्हापूर किंवा मुंबईला निघायच्या आधी फोन करून खुबा आणि मणका दोन्ही मोजतात ना, हे विचारून घ्या. आणि एक्स-रे होईपर्यंत विहिरीवरचं पाणी ओढणं आणि पाण्याची कळशी कंबरेवर घेणं बंद. बहिणीला सांगा, त्या स्वतः ऐकणार नाहीत.